कॅमेऱ्यात सापडलेली म्हैस

परभणीहून सुटलेली गाडी पिंगळीच्या पुढे गेली तशी खिडकीबाहेर उजाडू लागलं. गंगाखेड जवळ येईपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. माझ्या गळ्यात नवाकोरा कॅमेरा होता आणि गोदावरीवरची सकाळ टिपायची, एवढाच बेत घेऊन मी घरून निघाले होते.

नदीवर पोचले. पाण्यावर धुकं होतं, काठावर माणूस नव्हतं. मी फोटो काढत सुटले. एक काढला की लगेच मान खाली घालून मागच्या स्क्रीनवर बघायचं. कधी काठ तिरका आलेला, कधी पाणी पांढरंफटक. पुन्हा काढायचा, पुन्हा बघायचं. ऊन चढलं तरी माझं तेच चाललं होतं.

"ताई, हिकडून म्हस गेलेली बघितली का वो?"

दचकून वळले. पन्नाशीची एक बाई हातात तुटलेलं दावं घेऊन उभी होती. मागून तिचा नवरा धापा टाकत येत होता. सुमनबाई आणि दत्तराव. म्हैस गाभण होती, दिवस भरलेले, आणि रात्री दावं तोडून गेली होती.

"अंधारापासून हुडकायलोत," दत्तराव म्हणाले. "उसात कुत्रे लय हायेत. तिथं व्याली तर पिल्लू काय ठेवत न्हाईत."

मी सकाळपासून तिथेच होते, पण म्हैस काही पाहिली नव्हती. तसं सांगताना सुमनबाईंचा चेहरा पडलेला दिसला आणि मला सुचलं. "थांबा, फोटोत बघू या."

उन्हात स्क्रीनवर काहीच दिसेना. सुमनबाईंनी सरळ आपला पदर तिघांच्या डोक्यावर ओढला. त्या अंधारात मी एकेक फोटो मागे नेऊ लागले, मोठा करून कोपरे तपासू लागले.

"ते काळं काय हाय?" सुमनबाईंनी विचारलं.

"दगड आहे."

"दगडाला कान असतेत का ताई?" दत्तराव म्हणाले.

आणखी मोठा केला. बाभळीच्या आडून काळी पाठ आणि खाली वळलेलं शिंग, तोंड उसाकडे. पुढच्या फोटोत बाभूळ होती, दगड नव्हता.

"चंद्रीच हाय!" सुमनबाई ओरडल्या. "खालच्या अंगाला गेली, उसाकडं!"

दोघं पळाले. मलाही राहवेना. एक धुरा (शेताचा बांध) ओलांडताना माझा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. मी कॅमेरा डोक्यावर धरून तशीच उभी.

"मशीन द्या हिकडं," दत्तराव म्हणाले, "पाय मागून काढू."

उसाच्या कडेला चंद्री उभी होती. तिच्या पायाशी ओलं, थरथरतं पिल्लू, आणि ती ते चाटत होती. थोड्या अंतरावर दोन कुत्री बसलेली. दत्तरावांनी ढेकूळ भिरकावलं तशी ती पांगली. सुमनबाई वाकून बघायला गेल्या आणि तिथंच मातीत बसल्या. डोळे पुसत हसायला लागल्या.

"वगार (मादी रेडकू) हाय वो!"

मी त्यांचा वगारीसोबत फोटो काढून त्यांना स्क्रीनवर दाखवला. "माझं ध्यान बघा कसं झालंय," त्या म्हणाल्या, "पण वगार लय झ्याक आली."

मग त्यांनी मला सोडलंच नाही. वाळत आलेल्या चिखलाच्या पायानं त्यांच्या ओसरीवर बसून मी गरम धपाटी आणि दही खाल्लं. दत्तराव येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून माझा कॅमेरा दाखवत होते.

परतीच्या गाडीत मी तो काळ्या पाठीचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. चंद्री किती जवळून गेली होती! आणि त्या वेळी मी मान खाली घालून आधीचा फोटो नीट आलाय का, ते बघत होते. मी स्क्रीन बंद केली. बाहेर ऊस संपून कपाशीची रानं लागली होती. एका रानात कापूस वेचणाऱ्या बायकांनी गाडीकडे बघून हात हलवले. मी खिडकीतून जेवढा बाहेर काढता येईल तेवढा हात काढून हलवला.