एक्स-रेवाला भिंतीआड का गेला?

बायांनो, आज लोणावळ्यात गुडघ्याचा एक्स-रे काढला. मशीन लावून तो भाऊ भिंतीआड निघाला. म्हटलं, "मशीन चांगलं हाय, तर पळतोस कशाला?"

"आजी, ह्या किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. तुमचं एकदाच, शरीर दुरुस्त करून घेतं. मी रोज इथंच असतो."

म्हंजी भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजतो, तवा धगीनं तणाचं बी मरतं, तसंच की! मला लय संशय आला. नातसुनेला म्हटलं, "शीतल, हात धर माझा."

भाऊ म्हणाला, "धरा, पण गरोदर असाल तर बाहेर थांबा."

शीतल गुपचूप बाहेर गेली.

मशीनवरचा संशय तितंच सोडला, बायांनो, अन् दुसराच घेऊन घरी आले. आता हे तीच टाईप करतीय, अन् तिचा अंगठा थांबलाय. तुमी सांगा, पेढे आणू का?