मास्तर शिकायला गेले ते वर्ष

प्रथम वाचकांची माफी मागतो. लिहिण्याचा अधिकार असलेली माणसे आमच्या देवासात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकीच कोणी हे लिहायला हवे होते. माझ्या घरात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला. वडील जिनगर आहेत. राजवाड्याच्या पागेतील खोगिरे शिवतात आणि सहीच्या जागी अंगठा उठवतात. ज्या शिक्षणमंडळीच्या आधारावर मी आज इंदूरच्या कॉलेजात बसतो आहे, तिच्याविषयी काही लिहून दे असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी आधी नाही म्हटले. मग वाटले, ज्यांनी आपल्याला लिहायला शिकवले त्यांच्यासाठीच लिहायचे नाही, हेही बरे दिसत नाही. काही चुकले असेल तर ती चूक माझी समजावी.

परगावच्या वाचकांना एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. आमच्या एका गावात दोन राज्ये आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन कचेऱ्या, दोन ठिकाणचे पोलीस. बाजारातून चालताना रस्त्याची ही बाजू एकाची असते आणि ती बाजू दुसऱ्याची. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. पलीकडच्याच्या कामात हात घालायचा नाही, हे देवासचे मूल चालायला लागते तेव्हापासूनच शिकते. शाळाही अर्थात दोन्हीकडच्या वेगळ्या.

मंडळी मात्र दोन्ही पात्यांची मिळून होती. तिला ना इमारत होती ना पाटी. वैद्यबुवांच्या दवाखान्याच्या ओसरीवर ती भरायची. गरीब मुलांना पुस्तके वापरायला द्यायची, पुढचा वर्ग चढला की ती परत घेऊन खालच्या मुलाला द्यायची, कोणाची फी भरायची, कोणाला धोतर घेऊन द्यायचे, अशी तिची कामे. त्यासाठी मुष्टिफंड होता. दर घरी स्वयंपाकाच्या आधी मूठभर धान्य एका मडक्यात बाजूला टाकायचे आणि आठवड्याने ते मंडळीचा माणूस घेऊन जायचा. माझ्या हातात आलेले पहिले भूगोलाचे पुस्तक अशाच धान्यावर आलेले होते. त्यावर आधीच्या मुलाने काढलेला एक उंट होता, तो मला नकाशापेक्षा जास्त आठवतो.

मंडळीचे चिटणीस एक वकीलसाहेब होते, ते एका पातीतले. वैद्यबुवा दुसऱ्या पातीतले. तिसरे सुभेदारसाहेब. हे धारचे, तिथल्या रिसाल्यात नोकरी करून, पेन्शन घेऊन लेकीकडे देवासला राहायला आलेले. दोघांत मतभेद झाला की ते मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "मी तुमच्या कुठल्याच पातीचा नाही बुवा, मी धारचा." आणि मग दोघांनाही बोलून घ्यायचे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बाजूच्या शाळेत चौथीचा वर्ग ज्यांच्याकडे होता, त्या मास्तरांनी मला शाळेत आणले होते. मी वडिलांजवळ बसून चामड्याच्या तुकड्यांवर कोळशाने आकडे काढत असे. मास्तर एकदा खोगीर दुरुस्त करून घ्यायला आलेल्या कोणा स्नेह्याबरोबर तिथे आले. त्यांनी ते आकडे पाहिले आणि वडिलांशी बोलायला ते रोज येऊ लागले. वडील शेवटी कंटाळून हो म्हणाले. मास्तरांचे शिकवणे फार शांत असे. मुलाला उत्तर आले नाही तर ते त्याच्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत, म्हणजे त्याला विचार करताना लाज वाटू नये.

अशा माणसाची नोकरी जायची वेळ आली. मास्तरांनी ट्रेनिंग घेतलेले नव्हते. नवा नियम असा झाला की ट्रेनिंगची परीक्षा उतरलेल्यालाच, म्हणजे पास झालेल्यालाच, जागेवर ठेवायचे, नाही तर बाहेरून उतरलेला माणूस आणायचा. ट्रेनिंगचा वर्ग इंदुरास, वर्षभराचा. मास्तर चाळिशी ओलांडलेले, घरी आई, बायको, तीन मुले. अर्ज केल्यावर वरून उत्तर आले की रजा मिळेल, पण बिनपगारी. आणि वर्ग एक दिवसही बंद पडता कामा नये. तपासणीला डिपुटीसाहेब येतील तेव्हा वर्ग तयार दिसला नाही, तर जागा भरली जाईल.

मंडळीने दोन्ही गोष्टी आपल्या अंगावर घेतल्या. घरी धान्य मुष्टिफंडातून जाऊ लागले, आणि वर्ग मंडळीच्या सभासदांनी वार वाटून घेऊन शिकवायचा ठरला. वकीलसाहेबांचे काही वार, वैद्यबुवांचे काही, एक सुभेदारांचा. मी तेव्हा मॅट्रिक होऊन कॉलेजच्या सोयीची वाट पाहत होतो, म्हणून शनिवार माझ्याकडे आला. मास्तर टांग्यात बसले तेव्हा मी त्यांची वळकटी वर चढवली. ते एवढेच म्हणाले, "मुलांना घाई करू नकोस."

मला आजही त्या वर्षाचा अभिमान वाटतो. वकीलसाहेब कोर्टाची कामे सकाळी उरकून, पागोट्यासह वर्गात हजर होत. त्यांनी मुलांना एकाच राजाविषयी आधी बाजूने आणि मग विरुद्ध बोलायला शिकवले. वैद्यबुवा येताना ताजी पाने घेऊन येत आणि वर्गभर अडुळशाचा वास सुटे. त्यांचे रोगी कधी कधी शाळेच्या दारात येऊन बसत; ते त्यांना हाताने थांबा म्हणून सांगत आणि कविता पुरी करून मगच नाडी पाहत. सुभेदार कवाईत घेत. त्यांनी इतिहासही शिकवला, पण त्यांच्या इतिहासात सगळ्या लढाया घोड्यांच्याच बाजूने सांगितलेल्या असत. यांपैकी कोणालाही एक पैसा मिळत नव्हता.

थंडी सरता सरता एका शनिवारी मी मुलांना त्रैराशिकाचे एक सोपे उदाहरण घातले. तपासणीत त्रैराशिक हमखास येते, तेव्हा उजळणी व्हावी एवढाच माझा हेतू. मुले एकमेकांकडे पाहू लागली. मला वाटले, मी नीट सांगितले नाही. पुन्हा सांगितले. शेवटी पुढच्या रांगेतला एक तेल्याचा मुलगा उभा राहून म्हणाला, "भिया, यो तो वैद्यजी को काम है."

मी त्याच संध्याकाळी वैद्यबुवांकडे गेलो. ते खलात काही कुटत होते. म्हणाले, छे, हिशेब वकीलसाहेबांकडे आहे. मग आम्ही दोघे वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मी तर पहिल्या दिवसापासून हिशेब तुमच्याकडे समजतो. मुलांना वैद्यबुवांच्या वारी सांगितले होते की ते काम वकीलसाहेबांचे आहे, आणि वकीलसाहेबांच्या वारी सांगितले होते की वैद्यबुवांचे. दोन्ही पात्यांच्या माणसांनी दुसऱ्याचे म्हणून जे काम अदबीने बाजूला ठेवले होते, ते वर्षभर तसेच पडून राहिले होते. माळव्यातल्या नद्या मात्र मुलांना दोघांकडूनही शिकवून झाल्या होत्या.

आम्ही तिघे दवाखान्यात परतलो आणि सुभेदारांना बोलावून आणले. सगळे ऐकून घेतल्यावर ते वैद्यबुवांच्या ओसरीवर मांडी घालून बसले आणि पोटभर हसले. म्हणाले, "पोरांच्या डोक्यातसुद्धा हद्दीचे दगड पुरून ठेवलेत की तुम्ही."

बाकी कोणी हसले नाही. तपासणी तोंडावर आली होती. वकीलसाहेब म्हणाले की मास्तरांनाच थोडे दिवस बोलावून घ्यावे. मी आजवर मंडळीच्या बैठकीत कधी बोललो नव्हतो. कोपऱ्यात बसून ऐकत असे. पण त्या दिवशी मी म्हणालो की ट्रेनिंगच्या वर्गात हजेरीचा नियम कडक आहे, मास्तर परत आले तर त्यांचे वर्ष जाईल, आणि वर्ष गेले तर जागाही जाईल. वैद्यबुवांनी मला पाणी दिले आणि म्हणाले, "बरोबर बोलतो आहे हा. त्यांना कळवायचंच नाही."

ते अवघड होते, कारण नेमके त्याच आठवड्यात मास्तरांचे कार्ड आले, त्रैराशिक कुठवर आले म्हणून. खोटे लिहायचे नाही असे ठरले. तेव्हा वकीलसाहेबांनी विचार करून उत्तर लिहिले की विद्यार्थी त्रैराशिकाची वाट उत्सुकतेने पाहत आहेत. सुभेदार म्हणाले, पक्षकार हरत असतानाही तुम्ही असंच लिहिता का हो.

दुसऱ्या दिवसापासून वार मोडले. सकाळी शाळेच्या आधी सगळे एकत्र येऊ लागले, आणि मी देवासात पहिल्यांदा पाहिले की एका पातीचा माणूस फळ्यावर लिहितो आहे आणि दुसऱ्या पातीचा त्याच्यासाठी खडू धरून उभा आहे. वैद्यबुवांनी पुड्यांवर त्रैराशिक शिकवले. इतक्या पुड्यांना इतकी सुंठ, तर इतक्यांना किती. मुलांना ते लवकर समजले, कारण उदाहरणातली सुंठ खोटी असली तरी तिची चव प्रत्येकाच्या जिभेला ठाऊक होती. सरळ त्रैराशिक असे पार पडले. व्यस्त त्रैराशिकावर गाडी अडली. माणसे वाढली की दिवस कमी का होतात, हे मुलांच्या डोक्यात शिरेना. वकीलसाहेबांनी मजूर घेतले, मी खोगिरे घेतली, उपयोग झाला नाही. मग सुभेदार उठले. म्हणाले, चंदीचे, म्हणजे घोड्यांच्या दाण्याचे, एक पोते आहे. तबेल्यात घोडे थोडे असतील तर ते बरेच दिवस पुरेल. वरून सरदार आपले घोडे घेऊन आला तर? पाठीमागून एक मुलगा ओरडला, "जल्दी खतम!" सुभेदार म्हणाले, तेच ते, एवढंच आहे. त्या आठवड्यात आमच्या वर्गात इतके घोडे आले आणि गेले की रिसाल्यातही आले नसतील.

डिपुटीसाहेब आले. चेहरा कडक, बोलणे मोजके. वाचन झाले, कविता झाली, नद्या तर मुलांनी त्यांना थांबवेपर्यंत सांगितल्या. मग त्यांनी फळ्यावर उदाहरण लिहिले. इतके गवंडी इतक्या दिवसांत एक भिंत बांधतात, गवंडी वाढवले तर किती दिवस. व्यस्त त्रैराशिक. मुले फळ्याकडे पाहत राहिली. आम्ही चौघे वर्गाच्या मागे उभे होतो, बोलण्याची परवानगी नव्हती. मास्तर इंदुरास बसून परीक्षेची तयारी करत असतील आणि त्यांची जागा इथे या भिंतीत अडकली आहे, एवढेच माझ्या डोक्यात होते. वैद्यबुवांचे ओठ हलत होते. बहुधा ते देवाचे नाव घेत असावेत.

तोच तेल्याचा मुलगा हात वर करून उभा राहिला आणि मोठ्या नम्रतेने म्हणाला, "साहेब, भिंतीच्या जागी घोडे घेतले तर चालतील का?"

डिपुटीसाहेबांना प्रश्न कळला नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, घे. मुलाने भिंतीचे पोते केले, गवंड्यांचे घोडे केले, पाटीवर मांडले, उत्तर काढले आणि पुन्हा घोड्यांचे गवंडी करून सांगितले. उत्तर बरोबर होते. मग दुसऱ्याने केले, तिसऱ्याने केले. डिपुटीसाहेबांनी शेऱ्यात काय लिहिले ते आम्हाला नंतर कळले: वर्ग तयार आहे, सध्याची व्यवस्था चालू ठेवावी. जाताना त्यांनी सुभेदारांना विचारले की तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात. सुभेदारांनी सलाम करून सांगितले, धारच्या तबेल्यात.

अर्धे काम झाले होते. आता मास्तरांनी परीक्षा उतरायची होती, आणि ते आमच्या हातात नव्हते. उन्हाळ्यात ते परत आले, वाळलेले, डोळ्यांखाली काळे. तरुण मुलांबरोबर बाकावर बसून पाठ करणे जड गेले, एवढेच ते बोलले. त्रैराशिकाची हकीकत ऐकून ते खिडकीबाहेर पाहू लागले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

निकाल लांबला. पावसाळा लागला, मंडळीने माझी कॉलेजची सोय केली आणि मी इंदुरास आलो. इथे माझी खोली तिघांची आहे. व्याख्याने इंग्रजीत होतात, अर्धी समजतात. मी घरी कार्डे लिहिली, पण ती वाचायला वडिलांना कोणाकडे तरी जावे लागते, आणि उत्तरे येतच नव्हती. ट्रेनिंगच्या वर्गाच्या फाटकापाशी मी जाऊन विचारले, तेव्हा शिपायाने सांगितले की निकाल ज्याच्या त्याच्या दरबाराकडे गेले, इथे काही लागत नाही. रोज संध्याकाळी मनात एकच यायचे, न उतरले तर काय. नवा माणूस आला, तर मास्तर या वयात कुठे जातील.

गेल्या आठवड्यात वडील आले. छावणीत कोणा साहेबाच्या खोगिराचे काम होते. खोलीत येऊन त्यांनी डोक्याचे मुंडासे सोडले, पाय धुतले, आईने दिलेले लाडू काढून माझ्या सोबत्यांना वाटले. मग एका घोड्याच्या पाठीला झालेल्या जखमेविषयी ते बराच वेळ बोलले. त्यांना मधे तोडण्याची मला सवय नाही. मी ऐकत राहिलो. शेवटी विडा लावता लावता ते म्हणाले की वैद्यबुवांनी निरोप दिला आहे, दिवाळीच्या सुट्टीत शाळेवर येऊ शकशील का म्हणून. पलीकडच्या पातीचे मास्तर आता इंदुरास शिकायला निघालेत, त्यांचा वर्ग मंडळीनेच घेतला आहे.

मी विचारले, "आणि आपले मास्तर?"

वडिलांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कॉलेजात जाऊन काहीच शिकलो नाही.

"अरे, ते पास झाले म्हणून तर हे निघाले."