डेनिसकाकांचं तिसरं कडवं

आयर्लंडमधल्या आमच्या नावनहून निघालो ते किलकेनीचा किल्ला बघायला. २०२१ चा ऑगस्ट. कोरोनामुळे घातलेली जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठून तीनच महिने झाले होते, सवय मोडलेली, आणि गाडी मागे घेताना मी आमच्याच कुंपणाला ती हलकेच टेकवली. आवाज ऐकून शेजारच्या ब्रायडीकाकू वॉकर ढकलत बाहेर आल्या. त्यांचा खुबा मोडला होता, त्यामुळे प्रवास बंद.

"वाटेत पोर्टलीशला थांबशील? माझ्या भावाकडून एक गाणं आणायचंय."

आपल्याकडे लोक चिवडा मागवतात, लोणचं मागवतात. इथे गाणं!

काकूंचे आजोबा तरुणपणी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, अमेरिकेत गेले होते. नाटकाचा पडदा पडला की पुढे येऊन गायचे. आईची आठवण, जहाज, खिडकीतला दिवा अशी त्या वेळी तिकडे घरोघरी म्हटली जाणारी गाणी घेऊन ते परत आले. त्यांतल्या एकाचं तिसरं कडवं आता फक्त थोरल्या भावाला, डेनिसकाकांना, येत होतं. काका फोनवर गायला तयार नव्हते.

"आणि हल्ली तो विसरायला लागलाय," काकू हळूच म्हणाल्या.

गाडीत मेघनाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तंबी दिली. "अहो, रेकॉर्डिंग संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही." तंबीला इतिहास आहे. भाचीच्या लग्नात मी सनईवाल्याला इतकी दाद दिली, की तो वाजवायचा थांबून 'काय झालं?' असं विचारायला लागला. तेव्हापासून मैफिलीत मेघनाचं कोपर माझ्या बरगडीतच असतं.

डेनिसकाकांनी अंगणात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) ब्राउन ब्रेड आणि लोणी आणलं. आमचे धपाटे त्यांनी जॅम लावून खाल्ले. "ग्रँड!" म्हणाले. इथे हवेपासून हृदयापर्यंत सगळंच ग्रँड असतं.

मग टोपी मांडीवर ठेवून ते गायला लागले. आवाज कापरा, पण सूर पक्का. मेघनाने फोन छातीशी धरला होता. मी ओठ दातांखाली दाबून बसलो होतो. दोन कडवी झाली आणि काका थांबले. टोपी फिरवत राहिले.

"गेलं," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर वॉकर धरून उभ्या असलेल्या काकू आल्या.

"तुम्ही दोघं इतके गप्प का?" काकांनी विचारलं. "आजोबा सांगायचे, अमेरिकेत प्रेक्षक गप्प झाले, की समजायचं आता सडकी अंडी येणार. आवडत नाहीये का?"

"आवडत नाहीये?" मी उसळलोच. "काका, पुन्हा सुरुवातीपासून होऊ दे!"

या वेळी पहिल्याच ओळीला मी "वा!" म्हटलं. कोपर लागलं. दुसऱ्या ओळीला "क्या बात है!" पुन्हा कोपर. काकांना शब्द कळले नसतील, पण ते खुर्चीत ताठ झाले. दुसरं कडवं संपलं. मी श्वास रोखला. काकांनी मात्र रोखला नाही. ते सरळ तिसऱ्यात शिरले आणि शेवटच्या सुरावर त्यांनी टोपीच हवेत उडवली.

किलकेनीला पोचलो तोवर किल्ला बंद झाला होता. बाहेरूनच बघितला. ग्रँड होता.

दुसऱ्या दिवशी ब्रायडीकाकूंच्या टेबलावर फोन ठेवला. "माझ्या ओरडण्याबद्दल माफ करा," मी आधीच सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटले. तिसरं कडवं सुरू झालं तशा त्याही गुणगुणू लागल्या. आणि शेवटच्या सुरावर फोनमधून दणदणीत आवाज आला, "जियो, काका, जियो!"

तो माझा नव्हता. मी दिलेली दाद लांबून, पुसट येत होती. हा अगदी फोनला चिकटून आला होता.

"ही कोण?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

मेघना खिडकीबाहेर बघत होती. कान लालबुंद. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, योग्य वेळी गप्प बसलो.