सरांचं थांबणं

आज ट्रेनिंग रूमच्या काचेतून आतल्या पडद्यावर जगदाळे सर दिसले आणि मी तिथेच थांबलो. आमच्या कारखान्यात ते लोखंड कातायचं लेथ मशीन शिकवायचे. करोनात नव्या मुलांना आत घेता येईना, तेव्हा कंपनीने सगळं शिकवणं व्हिडिओवर आणलं. रिकाम्या वर्कशॉपमध्ये सर मशीनपाशी उभे राहिले आणि मी शूटिंगसाठी मोबाइल धरला.

सरांना ते जमेना. दर चार वाक्यांनी "समजलं का?" विचारून ते थांबायचे, मोबाइलकडे बघत राहायचे. मग जणू कोणी 'हो' म्हटलंय असं मानून "शाबास" म्हणायचे आणि पुढे जायचे.

"सर, थांबू नका हो. समोर कोण आहे?" मी वैतागायचो.

"अरे, एकालाही कळलं नसेल तर पुढे कसं जायचं?"

शेवटी मी व्हिडिओतून ते थांबणं कापलं नाही. दुसऱ्या लाटेत सर गेले. आम्हाला त्यांना शेवटचं बघताही आलं नाही.

पुढे मुलं परत आली, मशीनं सुरू झाली, पण व्हिडिओ राहिले. सोयीचे पडतात म्हणे. सोय मोठी चिवट असते. ती ज्याच्या जिवावर उभी राहिली तो माणूस जातो, ती जात नाही.

आत पडद्यावर सरांनी विचारलं, "समजलं का?"

पहिल्या बाकावरची नवी मुलगी नकळत बोलून गेली, "नाही, सर."

सर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "शाबास." आणि पुढे गेले.