डायलटोनचं टेबल

टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं तारा जुळवल्या, आणि तिथूनच सगळे त्याला डायलटोन म्हणत. विचारात पडला की हा माणूस नाकातल्या नाकात एकसुरी गुणगुणायचा, आणि समोरच्याला वाटायचं, आता नंबर फिरवायला हरकत नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणातही तेच नाव घेतलं. खरं नाव त्यांना कागदावर बघावं लागलं.

घरात त्याची म्हणावी अशी एकच वस्तू. लेक पाच वर्षांची असताना घेतलेला कॉम्प्युटर. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र, टीव्हीला जोडायचं, प्रोग्रॅम कॅसेटवरून आत चढवायचा. लेक त्याच्यावर शिकली, त्याच धंद्यात शिरली आणि नोकरीसाठी लांब गेली. कॉम्प्युटर मागे राहिला, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर पाय पसरून.

नेमकं तेच टेबल बायकोला हवं होतं. ती कपडे शिवायची, आणि कापड जमिनीवर पसरून बेतताना तिचे गुडघे बोंबलायचे.

"अहो, उचला तो म्हातारा. इंटरनेट नाही, काही नाही. नुसता ऐतखाऊ."

'म्हातारा' त्याने गिळलं. 'इंटरनेट नाही' मात्र झोंबलं.

"आणि लागलं इंटरनेट तर?"

"तर राहू दे. तीन महिने देते. मग दादाला बोलावते, त्याच्यासमोर दाखवा. नाही लागलं तर टेबल माझं, आणि वर कुरकुर करायची नाही."

डायलटोनने वायफायशी बोलणारी एक काड्यापेटीएवढी डबी मागवली, ती कॉम्प्युटरच्या पाठीला खोचली आणि चौकटीच्या वहीत पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायला घेतला. इंटरनेटवरून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकड्याला "पोचला" म्हणावं लागतं, आणि उशीर केला की पलीकडचा फोन ठेवून मोकळा होतो. म्हातारा "पोचला" म्हणेपर्यंत पलीकडे सामसूम! अडीच महिने हेच. शेवटी त्याच्या लक्षात आलं, बिचाऱ्याची निम्मी ताकद टीव्हीवर चित्र काढण्यातच जातेय. एक्सचेंजमध्ये ऑपरेटरणींच्या गप्पा थांबल्या की कॉल कसे धडाधड लागायचे! त्याने मजकूर येईपर्यंत चित्रच बंद ठेवलं. पडदा काळा, आणि आत गडी पळतोय. जमलं. पण हे आपल्यापुरतंच. घरात सांगायचं त्याला सुचलंच नाही.

ठरल्या रविवारी मेहुणे आले. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. खुर्चीत बसण्याआधी ते त्या घरातलं बटण बघत. लेकीने सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "बाबा, तुमच्यासाठी एक चिठ्ठी ठेवलीय नेटवर. म्हाताऱ्याला आणायला सांगा."

कॅसेट किंचाळायला लागली. सात मिनिटं सगळे कानात बोटं घालून बसले. मग डायलटोनने पत्ता टाइप केला, बटण दाबलं, आणि पडदा काळाठिक्कर झाला.

"गेलं!" मेहुणे ताडकन उठले. "दाजी, मागे सरका, वास यायच्या आत—" आणि त्यांनी भिंतीवरचा स्विच खटकन बंद केला.

"दादा!" डायलटोन स्विचकडे धावला. "अहो, चालू होता तो!"

"काळा होता की."

"काळा असतो तेव्हाच तर काम करतो!"

"कमाल आहे," मेहुणे बहिणीला म्हणाले, "दुकानात असलं गिऱ्हाईक आलं असतं तर मी पंखासुद्धा विकला नसता."

बायको हसली नाही. नवऱ्याचा पडलेला चेहरा तिने पाहिला. मग कात्री हातात घेऊन ती स्विचपाशी जाऊन उभी राहिली. "दादा, बस गुमान. परत लावा हो."

पुन्हा सात मिनिटं किंचाळणं. पुन्हा काळोख. डायलटोन गुणगुणायला लागला. एक मिनिट झालं, दीड झालं. मेहुण्यांचा हात सवयीने शिवशिवला. कात्री हलली, हात खिशात गेला.

आणि पडदा उजळला. जाडजूड इंग्रजी अक्षरांत लेकीचं मराठी उमटलं. डायलटोनने चढ्या आवाजात वाचलं:

"बाबा, शाब्बास. आई, मागच्या खेपेचा ड्रेस दंडात घट्ट होतो. टेबल मिळालं तर माप नीट घेशील का?"

मेहुणे खो खो हसले. बायको लालबुंद.

"माप? माझं माप? कुठं लिहायचं उत्तर?"

"अगं, फोन कर ना तिला."

"फोनबिन नाही. चारचौघांत इथं बोललीय, उत्तर इथूनच जाणार."

डायलटोनने डोकं खाजवलं. "हा प्रोग्रॅम नुसता आणतो. पाठवायचा अजून लिहायचाय."

"किती दिवस लागतील?"

काम तीन आठवड्यांचं होतं. त्याने टेबलाकडे पाहिलं.

"सहा महिने."

"चार. तोवर हे इथून हलवायचं नाही, माझं कापड मी जमिनीवर बघते. आणि पहिली ओळ आत्ताच लिहून घ्या. माप बरोबर होतं, तूच सुटलीयेस."