जनावर

फ्लोरिडात मुलीच्या शेजारी राहणारी बाई अजगर मारून पोट भरते. हे अजगर तिथले नव्हेत. कुणीतरी हौसेने बाहेरून आणले, आवरेनात तेव्हा दलदलीत सोडले, आणि आता ते तिथली सगळी पाखरं, ससे गिळत सुटलेत.

त्या संध्याकाळी तिने अंगणात एका मेलेल्या मादीचं पोट फाडलं. आत अंडी होती, पांढरी, मऊ. नागपंचमीला विळीही न धरणारी मी, मुलीचा दंड घट्ट धरून उभी राहिले.

"तुमच्याकडे याला काय म्हणतात?" बाईने विचारलं.

"जनावर," मी म्हटलं. तिन्हीसांजेला नाव घेतलं की ते येतं, हे मुलीने तिला इंग्रजीत समजावलं.

बाईने सुरी पुसली. "मीसुद्धा यांना नाव देत नाही. एकदा नाव दिलं की मग हात उचलवत नाही."

आपण भीतीपोटी नाव टाळतो. ती मारता यावं म्हणून.

घरात येताना मी मुलीला विचारलं, "तुला काय म्हणून हाक मारते गं ती?"

मुलगी चपला काढत होती. "हाक नाही मारत, आई. इतक्या वर्षांत तिने माझं नाव विचारलंच नाही."