विहीणबाईंची भाषा

आमच्या नाशिकरोडच्या इमारतीत समोर राहणाऱ्या काकू स्वस्थ बसलेल्या मला कधी दिसल्या नाहीत. कोरियन मुलाशी लग्न करून तिकडे गेलेल्या त्यांच्या मुलीला बाळ झालं, तेव्हापासून तर त्या गॅलरीत येरझाऱ्या घालत कोरियन शब्द घोकू लागल्या. 'थँक यू'ला 'कामसाहामनिदा' म्हणताना मध्येच अडखळायच्या, स्वतःवरच चिडायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

"विहीणबाईंना इंग्रजीसुद्धा येत नाही गं," असं मला सांगायच्या.

एका दुपारी त्या घाईघाईने आमच्या घरात आल्या. "काल फोनवर पोरीचे डोळे सुजलेले दिसले. 'तिला जरा आराम करू द्या' याला काय म्हणतात, बघ लवकर."

मी मोबाइलवर शोधून दिलं. "श्वीगे हे जुसेयो," त्या पुटपुटत राहिल्या. विहीणबाईंना राग आला तर, या धास्तीने लावलेला फोन त्यांनी कापला आणि पुन्हा लावला.

पडद्यावर विहीणबाई दिसल्या. खांद्यावर बाळ होतं. काकूंनी एका दमात वाक्य म्हटलं.

विहीणबाईंनी 'शूऽ' करून फोन वळवला. मागे मुलगी गाढ झोपली होती.

काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग अगदी हळू आवाजात, मराठीतच म्हणाल्या, "कान बांधा हो तिचे, बाळंतीण आहे."